पावसाळ्यातलं पान

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचा झुणका असा बेत असतो. ही कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशी लागली की कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगं बंद, तेव्हा त्याआधी पोटभर खाऊन घ्यावं, असा हा समजूतदार सण. नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यातल्या सटाण्यात त्याला वेगळीच फोडणी बसते. बागलाणातला उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये शेतातून निघून साठवणीच्या चाळीत गेलेला असतो. ज्या चार महिन्यांत तो खायचा नाही, नेमका त्याच महिन्यांत तो भाव बघून विकायचा असतो. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, आणि गावातल्या काही स्वयंपाकघरांत मात्र कांद्याचं सालसुद्धा सापडायचं नाही.

नवमीनंतर पाचव्या दिवशी, आषाढ शुद्ध चतुर्दशीला, जैनांचा चौमासा, म्हणजे चातुर्मास, बसतो. त्यांच्याकडे निरोपाची भजी नसतात. नियम पाळणाऱ्या घरात कांदा मुळात बारा महिने वर्ज्य. चौमाशात सोडायचं ते त्याच्या पलीकडचं. मेथी जाते, पालक जातो, वरून भुरभुरायची कोथिंबीरही जाते. आंबा त्याआधीच, सूर्य आर्द्रा नक्षत्रात शिरला की, म्हणजे २१-२२ जूनच्या सुमारास, बऱ्याच घरांतून उठलेला असतो. दळण महिन्याचं काढायचं नाही. सूर्य मावळला की जेवण नाही. यादी इथे थांबत नाही, पण नुसती यादी वाचून हा विषय कळतही नाही. तो एखाद्या कडक वसतिगृहाच्या नियमावलीसारखा वाटू लागतो. पुढच्या पानांत पदार्थ येतील, त्यांच्या रीती येतील. त्याआधी हे नियम कुठून आले आणि सटाण्यासारख्या गावात त्यांचं काय होतं, हे पाहिलेलं बरं.

सुरुवात जेवणापासून झालेली नाही, चालण्यापासून झाली. जैन साधू-साध्वी एरवी एका गावी फार काळ राहत नाहीत, पायी फिरत राहतात. पाऊस पडला की वाटेवर गवत उगवतं, गोगलगायी निघतात, गांडुळं वर येतात, पंखांच्या मुंग्या उठतात. प्रत्येक पावलाखाली कुणीतरी असतं. म्हणून चार महिने थांबायचं. ‘कल्पसूत्रा’त महावीरांच्या अशा ४२ पावसाळ्यांचा गावनिहाय हिशोब दिलेला आहे: राजगृह आणि नालंदा मिळून १४, वैशाली आणि वाणिज्यग्राम मिळून १२, मिथिलेला ६, आणि शेवटचा पावेला. एखाद्या माणसाचं चरित्र त्याच्या पावसाळ्यांनी मोजावं, ही कल्पना शेतकऱ्यालाही पटेल. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास याच ऋतूतला. बाकीचे संन्यासी पावसात थांबतात आणि हे मात्र गवत तुडवत, जीव चिरडत हिंडतात, अशी लोकांची तक्रार आल्यावर बुद्धांनी तो नियम घालून दिला, असं विनयपिटक सांगतं.

साधू गावात थांबला की त्याचं खाणंपिणं गावाच्या हाती येतं. त्याला चालेल असं अन्न घरात शिजवायचं तर घरालाच त्याच्या नियमांच्या जवळ जावं लागतं. पाय आवरण्याची शिस्त अशी हळूहळू हाताकडे, आणि हाताकडून ताटाकडे आली असावी, असं मानायला जागा आहे.

तेराव्या शतकात माळव्यात, धारजवळच्या नालछा इथे राहून लिहिणारे पंडित आशाधर यांनी गृहस्थांसाठी ‘सागारधर्मामृत’ रचलं. पावसाळ्यातल्या जेवणाबद्दल त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: पालेभाजी खाऊ नये, आणि न भरडलेली अख्खी कडधान्यं खाऊ नयेत. पहिलीचं कारण उघड आहे. श्रावणात मेथीची जुडी उलगडून एकेक पान उन्हात धरलं तर पानामागची अंडी, नागमोडी पांढऱ्या रेषा आणि पानाच्याच रंगाची अळी कुणालाही दिसेल. धुऊन ती जात नाही, आणि गेली तरी मरूनच जाते. दुसऱ्या नियमात आशाधरांची खरी नजर दिसते. मूग किंवा चवळी वरून गुळगुळीत, निर्दोष दिसते. भरडली की आत बसलेला भुंगा बाहेर पडतो. अख्खा दाणा म्हणजे बंद दार. उघडून पाहिल्याशिवाय आत कोण राहतं हे सांगता येत नाही. हा नियम लिहिणाऱ्यानं कधीतरी स्वतः डाळ पाखडलेली असणार, किंवा पाखडणाऱ्या बाईचं म्हणणं कान देऊन ऐकलेलं असणार.

आता गंमत अशी की आजच्या कित्येक श्वेतांबर घरांत नेमकं उलट चालतं. बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी, चौदस या तिथींना हिरवी भाजी वर्ज्य असते, आणि त्या दिवशी ताटात येतात ते अख्खे मूग, चवळी, वाटाणे! ग्रंथ एक सांगतो, पंथ दुसरं पाळतो, आणि घर आपल्या आजीचं ऐकतं. त्यामुळे ‘जैनांना काय चालतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोल्हापूर-सांगलीकडचा नांगर धरणारा मराठी जैन शेतकरी आणि पिढ्यांपूर्वी राजस्थानातून नाशिक-खानदेशात येऊन दुकान थाटलेलं मारवाडी कुटुंब यांचा चौमासा सारखा नसतो. एकाच घरात सासूचा आणि सुनेचासुद्धा नसतो. मोड आलेल्या कडधान्याबाबत मात्र कडक घरांत दुमत सापडत नाही. मोड म्हणजे नुकता फुटलेला जीव, त्याची गणना कंदांबरोबर ‘अनंतकाय’ वर्गात होते, म्हणजे एका शरीरात अनंत जीव. सगळा महाराष्ट्र श्रावणात मटकीला मोड आणून उसळ करतो, तेव्हा या घरांत मटकी भिजते, पण तिला रात्रभर फडक्यात बांधून ठेवत नाहीत.

पालेभाजीपेक्षाही चौमाशाचा खरा शत्रू ओल. तिच्यासाठी जी कोष्टकं बसवलेली आहेत, ती या विषयातला सर्वांत बारीक नक्षीचा भाग म्हणावी लागतील. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मुदत थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३. श्वेतांबरांत मिठाईची मुदत थंडीत महिनाभर, उन्हाळ्यात २० दिवस, पावसाळ्यात १५. उकळलेलं पाणी उन्हाळ्यात ५ प्रहर चालतं, थंडीत ४, पावसाळ्यात ३. थंडी आणि उन्हाळा आपली जागा बदलतात, पाऊस मात्र प्रत्येक कोष्टकात तळाला. प्रयोगशाळा नव्हती, आर्द्रता मोजायचं यंत्र नव्हतं. पिठाला जाळी धरते कधी, लाडवाला वास येतो कधी, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून आकडे बसवले गेले. तीन दिवसांच्या पिठापायी पूर्वी गिरणीच्या खेपा व्हायच्या. घरघंटी आली आणि ही कटकट मिटली. कुणी डब्यावर दळणाची तारीख चिकटवतं, कुणी तीन दिवसांपुरतंच मोजून गहू टाकतं. भाकरीचं पीठ तसंही ताजंच लागतं. बाजरी शिळी झाली की कडवट होते, हे सांगायला बागलाणात शास्त्र लागत नाही.

पाण्याचा नियम मात्र गावच्या प्रगतीत अडकला आहे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं हे सर्वांना ठाऊक असतं. पण गाळणं हा अर्धाच विधी. फडक्यावर जे राहतं, ती जीवाणी, गाळलेल्या पाण्यानंच अलगद उतरवून जिथलं पाणी तिथेच परत सोडायची. त्यासाठी जुन्या विहिरींवर तळाला कडी असलेली बादली असायची. ती पाण्यापर्यंत पोचली की दोर हिसडून उलटी करायची, म्हणजे जीव उंचावरून आदळत नाहीत. आज घराघरांत नळाच्या तोंडाला कापडाची पिशवी बांधलेली दिसते. सटाण्याला पाणी येतं ते पुनद धरणातून, जलवाहिनीनं. जीवाणी जिथली तिथे पोचवायची म्हटली तर रोज कळवण तालुक्यात जावं लागेल.

एवढं सगळं वजा केल्यावर उरतं काय? बरंच. गिलके, दोडका, दुधी, भेंडी, कारलं, तोंडली, काकडी: वेलीवर नाहीतर झाडावर लटकणारं, चिरून आत बघता येणारं. भेंडी आडवी गोल चिरायच्या आधी उभी फाडून बघायची, ही या स्वयंपाकघरातली पहिली शिकवण. फ्लॉवरच्या गड्ड्यात डोकावता येत नाही, म्हणून तो बाजूला. बटाट्याच्या जागी कच्चं केळं येतं, आणि ते इतकं सराईतपणे येतं की पावभाजीत कुणाला पत्ता लागत नाही. तिथीच्या दिवशी बेसन आणि वाळवण धावून येतं. गट्टे, पापडाची भाजी, मुगवड्या, दाणामेथी हा मारवाडी वारसा. पण त्यांच्या शेजारी खानदेशी शेवभाजीही मुकाट्यानं येऊन बसली आहे. तिच्या वाटणातला भाजलेला कांदा काढला की रस्सा पातळ पडतो, मग शेंगदाण्याचं कूट आणि तीळ त्याला अंग देतात, आणि हिंग लसणाची खुर्ची धरून बसतो. एक पथ्य पाहुण्यांना हमखास चकवतं: डाळीचं काहीही आणि कच्चं दही-ताक एकत्र येऊ द्यायचं नाही. त्याला द्विदल म्हणतात. म्हणजे दहीवडा गेला. कढीसाठी ताक आधी गरम करून मग बेसन लावलं तर श्वेतांबर घरांत चालतं.

आणि हे सगळं घड्याळावर नाही, सूर्यावर. आषाढात सव्वासातच्या सुमाराला मावळणारा सूर्य कार्तिकात सहालाच जातो. दुकान आटोपून घरी येणाऱ्या माणसाला या चार महिन्यांत जेवणाची वेळ रोज किंचित अलीकडे ओढावी लागते. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं असताना घरून डबा येतो, आणि गल्ल्यामागेच चार घास उरकले जातात.

पुन्हा कांद्याकडे यायला हवं, कारण सटाण्यात हा विषय कांद्याला वळसा घालून पुरा होत नाही. जमिनीखालचा कंद का वर्ज्य, तर त्यात अनंत जीव आहेत, तो उपटला की सगळं झाड मरतं, आणि तो स्वतः पुन्हा उगवू शकतो, असं सांगितलं जातं. शहरात राहणाऱ्याला हे गूढ वाटेल. चाळ असलेल्या शेतकऱ्याला वाटणार नाही. कांदा काढल्यावरही श्वास घेत राहतो, गरम होतो, घाम सोडतो. म्हणूनच चाळीला खालून आणि बाजूंनी फटी ठेवतात. श्रावणात चार दिवस झड लागली की खालच्या थरातून आंबूस वास येऊ लागतो. बाया चाळीशी बसून कांदा निवडतात: सडका एकीकडे, काजळी धरलेला एकीकडे, आणि मोड फुटलेला तिसरीकडे. त्या हिरव्या मोडाकडे शेतकरी कपाळाला आठ्या घालून बघतो. त्याच्या लेखी किलोमागे गेलेले रुपये. जैन मुनीनं तोच कांदा हातात घेतला तर तो एवढंच म्हणेल, की जिवंत आहे, हे तर आम्ही केव्हाचं सांगतोय. दोघांचं निरीक्षण एकच.

मधोमध उभा असतो व्यापारी. नाशिक जिल्ह्यातल्या लिलावांत बोली लावणाऱ्यांत जैन व्यापारीही असतात. दिवसभर कांद्याचा वास अंगावर घेऊन घरी जायचं आणि अंघोळ करून कांदा नसलेल्या ताटावर बसायचं, यात बाहेरच्या माणसाला ढोंग दिसतं. तो आरोप घाईचा आहे. श्रावकानं, म्हणजे जैन गृहस्थानं, कोणते धंदे करू नयेत याची पंधरा ‘कर्मादानां’ची यादी जैन शास्त्रांत आहेच, आणि तिच्यामुळे व्यापारही साधूंच्या प्रश्नांतून सुटत नाही. गृहस्थाचं व्रत हे ‘अणुव्रत’, लहान व्रत. जेवढं झेपेल तेवढं, आणि जेवढं घेतलं तेवढं पुरतं. खाणं आपल्या हातात असतं, बाजार नसतो, असं त्यामागचं व्यवहारी उत्तर आहे. ते समाधानकारक आहे का, हा वाद चौमाशातल्या प्रवचनांतच रंगावा.

बागलाणाचं दुसरं पीक डाळिंब. वांगं बियांनी भरलेलं म्हणून ‘बहुबीज’, आणि त्यामुळे त्याज्य. मग नुसत्या दाण्यांचं डाळिंब कसं चालतं? कारण त्याचा प्रत्येक दाणा आपापल्या गरात गुंडाळलेला, आणि कप्पे पातळ पडद्यांनी वेगळे केलेले. बिया एकमेकींना चिकटून गरात पसरलेल्या नाहीत. सटाण्याच्या शेतकऱ्याचं नशीब म्हणायचं की एक पीक तरी परीक्षेत पास झालं.

सटाण्याहून ताहाराबादमार्गे पुढे गेलं की मांगी-तुंगीचे दोन सुळके दिसू लागतात. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह ९९ कोटी मुनी इथून मोक्षाला गेले, असं जैन परंपरा मानते. याच डोंगरात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती २०१६ च्या फेब्रुवारीत प्रतिष्ठित झाली. तिची कल्पना गणिनी ज्ञानमती माताजींनी मांडली ती १९९६ साली, त्यांचा चातुर्मास इथे असताना. चार महिने एका जागी थांबलेल्या साध्वीला समोरच्या कड्यात मूर्ती दिसली, आणि ती दगडातून बाहेर यायला वीस वर्षं लागली.

दिगंबर मुनींच्या चातुर्मासात ‘चौका’ लागतो तो जवळून पाहावा. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत जेवतात. ताट नाही, वाटी नाही. चौक्यातली माणसं धुतलेल्या वेगळ्या कपड्यांत, पीठ त्याच घरचं दळलेलं, पाणी गाळून उकळलेलं, दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत तापवलेलं. घास ओंजळीत ठेवण्याआधी बोटांनी चाचपून पाहतात. एखादा केस निघाला, मुंगी निघाली, की ‘अंतराय’. मुनी ओंजळ सोडतात, आणि आता दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. पहाटेपासून राबलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं ते पाहिल्यावर तांदूळ निवडणं हा शब्द वेगळा ऐकू येऊ लागतो.

हल्ली या सगळ्याला विज्ञानाचा टिळा लावायची हौस वाढली आहे. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो, म्हणून हे नियम, असं ठामपणे सांगितलं जातं. अग्नी मंद होतो हे चरकसंहितेनं सांगितलेलं आहे, जुनं धान्य आणि उकळून निववलेलं पाणी हेही तिथेच आहे. पण त्याच ऋतुचर्येत चरकांनी पावसाळ्यात खाण्यापिण्यात मध घालायला सांगितला आहे, आणि जैनांकडे मध हा मद्य-मांसाच्या पंक्तीला बसणारा, कायमचा अभक्ष्य. वैद्य खाणाऱ्याच्या पोटाची काळजी घेतो. चौमाशाचा नियम पानावरच्या अळीची घेतो. पोटाला त्याचा फायदा झालाच तर तो वरकड. नियमाला ‘हेल्दी’ ठरवून त्याची प्रतिष्ठा वाढते असं वाटणाऱ्यांनी त्याचा अर्थच पातळ केला आहे.

दुसरा वाद याहून मोठा. २०११ च्या जनगणनेत देशात साडेचव्वेचाळीस लाख जैन मोजले गेले, त्यांपैकी १४ लाख एकट्या महाराष्ट्रात. २०१५ साली मुंबईत जैनांच्या पर्युषण पर्वाच्या दिवसांत मांसविक्री बंद ठेवण्यावरून रण पेटलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. स्वतःच्या ताटातलं पान कमी करणं आणि दुसऱ्याच्या ताटावर हात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौमाशाची सगळी ताकद पहिलीत आहे. पच्चक्खाण, म्हणजे सोडण्याची प्रतिज्ञा, माणूस स्वतःसाठीच घेतो.

हे नियम लिहिले गेले पाऊस गृहीत धरून. बागलाणात साल्हेर-मुल्हेरकडे पाऊस कोसळतो आणि सटाण्यापर्यंत येता येता ढगातली हवा जाते. पूर्वेकडच्या गावांत श्रावणात टँकर फिरतो असंही घडतं. पण तिथी ढगाकडे बघत नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चौमासा पाच महिन्यांचा झाला. त्याच वर्षीचा ऑगस्ट हवामान खात्याच्या नोंदींत १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले, आणि कांदा चाळीतच श्वास घेत राहिला. पाण्यावाचून मेथी वाफ्यातच सुकत होती. तिच्यावर ओल नव्हती, तरी ती वर्ज्यच होती. दिगंबर मुनींचा वर्षायोग, म्हणजे त्यांचा चातुर्मास, दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी पुरा झाला. श्वेतांबरांचा चौमासा उठला २६ नोव्हेंबरला, रविवारी, कार्तिक शुद्ध चतुर्दशीला. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्याला अवकाळी पावसानं आणि गारपिटीनं झोडपून काढलं. दुसऱ्या दिवसापासून पालेभाजीला मोकळीक होती.